हवा, नदी आणि मैदान: सांगलीच्या खेळाडूंचे आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत मुलामुलींना पळायला शिकवतो. गळीत हंगाम सुरू झाला की खोकल्याचे फोन येतात आणि पहिला पाऊस झाला की नदीचे. दरवर्षी प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. एका उत्तरात दुसऱ्याचा संबंध आला तिथे क्रमांक दिला आहे. औषधपाण्याबाबत मात्र तुमच्या डॉक्टरांचं ऐका.

१. धूर-धूळ सगळ्यांच्याच नाकात जाते. खेळाडूला वेगळा त्रास कसला?

खेळाडू हवाच कितीतरी जास्त ओढतो. निवांत बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा घेतो. तोच जीव तोडून पळायला लागला की आकडा १०० लिटरच्या पुढे जाऊ शकतो. त्यात दम लागला की श्वास तोंडाने सुरू होतो, म्हणजे नाकाची नैसर्गिक गाळणी बाजूलाच राहते. पीएम २.५ म्हणतात ते कण आपल्या केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या हिश्श्याएवढे असतात. ते थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात.

‘आमचा पोरगा दणकट आहे, त्याला काही होत नाही,’ असं बरेच वडील सांगतात. दणकट असल्यामुळेच तो जास्त वेळ पळतो आणि जास्त धूर आत घेतो. शिवाय बारा-चौदा वर्षांच्या पोराचं फुप्फुस अजून वाढत असतं.

२. वेळेवर, कामगिरीवर खरंच फरक पडतो का?

पडतो. अमेरिकेतल्या मोठ्या मॅरेथॉनच्या अनेक वर्षांच्या निकालांचा हवेच्या नोंदींशी ताळा घातला, तेव्हा पीएम १० (पीएम २.५ सकट त्याहून थोडे मोठे कण) दर घनमीटरला १० मायक्रोग्रॅमने वाढल्यावर महिलांची कामगिरी सुमारे १.४ टक्क्यांनी घसरलेली दिसली. हा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. चार तासांत मॅरेथॉन संपवणाऱ्या बाईला ही तीन मिनिटांहून जास्त झळ झाली. पुरुषांत तसा स्पष्ट संबंध आढळला नाही. जर्मनीतल्या व्यावसायिक फुटबॉल सामन्यांच्या अभ्यासातही पीएम १० वाढलं त्या दिवशी खेळाडूंचे पास कमी झाल्याचं दिसलं.

आपल्याकडचं उदाहरण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं आहे. डिसेंबर २०१७ मध्ये दिल्लीच्या कसोटीत श्रीलंकेचे खेळाडू मास्क लावून उतरले आणि खेळ मध्येच थांबवावा लागला. त्याआधी नोव्हेंबर २०१६ मध्ये धुरक्यामुळे दिल्लीतले रणजी सामने रद्द झाले होते.

३. पण सांगली म्हणजे काही दिल्ली नाही ना?

नाही, आणि होऊही नये. पण केंद्र सरकारने २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला, त्यातल्या महाराष्ट्राच्या शहरांच्या यादीत सांगली आहे. हवेची राष्ट्रीय मानकं सलग काही वर्षं न पाळली गेलेली शहरं त्या यादीत आहेत. शेजारचं सातारा यादीत नाही, म्हणून तिथली हवा निर्मळ असं मात्र समजू नका. हमरस्त्याच्या कडेला पळणाऱ्या कराड-साताऱ्याच्या मुलांना विचारा.

देशाच्या मानकाप्रमाणे पीएम २.५ ची २४ तासांची सरासरी ६० मायक्रोग्रॅमच्या आत हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ पासून हीच मर्यादा १५ धरली आहे. म्हणजे सरकारी भाषेत ‘मानकाच्या आत’ असलेली हवाही कोवळ्या फुप्फुसाला जड असू शकते. आपल्याकडची धुराची ठिकाणंही लपलेली नाहीत. पेटलेला ऊस आणि पाचट (उसाचा वाळलेला पाला), वीटभट्ट्या, गुऱ्हाळं, कारखान्यांच्या चिमण्या, उखडलेल्या रस्त्यांची धूळ आणि गल्लोगल्ली पेटवलेला कचरा. बोट दाखवता येतं, म्हणजे उपायही करता येतो. तो प्रश्न १५ मध्ये आहे.

४. पहाटे पाचला हवा सगळ्यात शुद्ध असते ना?

उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात बहुतेक वेळा चांगली असते. थंडीत मात्र हा समज सोडा. हिवाळ्याच्या रात्री जमीन गार पडते आणि जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार हवेखाली अडकते. संध्याकाळी पेटवलेल्या कचऱ्याचा, शेकोटीचा, पाचटाचा धूर वर जायला वाट मिळत नाही. नदीकाठी डिसेंबरच्या पहाटे जी पांढरी चादर दिसते तिला आपण कौतुकाने धुकं म्हणतो, पण तिच्या वासाकडे लक्ष द्या. ऊन चढून जमीन तापली की ही चादर फाटते.

म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आम्ही जोराचा सराव साडेसात-आठच्या आधी घेत नाही. सकाळची शाळा असलेल्यांना ते जमत नाही, हे मला मान्य आहे. त्यांनी पहाटे हलका व्यायाम, स्ट्रेचिंग, ताकदीचं काम करावं आणि पळणं संध्याकाळी चार ते साडेपाच या वेळेत ठेवावं, म्हणजे दिवेलागणीला कचरा पेटायच्या आत. एप्रिल-मेच्या दुपारी मात्र पळू नका. उन्हाबरोबर जमिनीलगतचा ओझोनही तेव्हाच वाढतो.

५. एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) किती झाला की सराव बंद ठेवायचा?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर आकडा दिसतो. ५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिशय वाईट आणि त्यापुढे गंभीर. माझा नियम मी वर्षानुवर्षं पाळतो. १०० पर्यंत नेहमीचा सराव. १०० ते २०० मध्ये दम्याची मुलं बाजूला आणि बाकीच्यांची वेगाची धाव कमी. २०० च्या पुढे मैदान बंद, हॉलमध्ये काम.

पण तो आकडा बहुधा चोवीस तासांची सरासरी असतो आणि यंत्र तुमच्या मैदानापासून मैलोगणती लांब असू शकतं. शेजारच्या वावरात आत्ता पेटलेला फड त्या आकड्यात दिसणार नाही. त्यामुळे डोळ्यांवर आणि नाकावरही विश्वास ठेवा. मिरजेच्या मुलांना मी सांगतो, रोज दिसणारा दंडोबाचा डोंगर आज पुसट झालाय का बघा. जळका वास येत असेल तर ॲप काहीही म्हणो, पळू नका.

६. मास्क लावून पळावं का?

एन ९५ मास्क बारीक कण अडवतो, पण जोराच्या धावण्यात त्यातून श्वास ओढणं कठीण होतं आणि घामाने तो निकामी होतो. मैदानावर गाडीने येता-जाता लावा. मास्कशिवाय पळता येत नसेल इतकी हवा वाईट असेल, तर त्या दिवशी पळायचंच नाही. रुमाल किंवा कापडी मास्क बारीक कणांपुढे जवळजवळ कुचकामी.

७. मैदानाशेजारच्या फडात पाचट पेटवतात, राख थेट ट्रॅकवर पडते. शेतकऱ्याशी भांडायचं का?

भांडू नका. आमच्यातली निम्मी मुलं शेतकऱ्यांचीच आहेत आणि पाचट हौसेने कोणी पेटवत नाही. तोडणी झाली की खोडव्याची (तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या उसाची) मशागत लवकर उरकायची असते, मजूर मिळत नाहीत, पाचट सरीत अडचण करतं. काही ठिकाणी उभा ऊसच पेटवतात, कारण टोळीला तोडणी सोपी जाते. जळीत उसाला कारखाना दर कापतो, तरीही हे घडतं, यावरून मजुरांची टंचाई किती असेल ते समजा.

हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघतं. ते सरीत पसरून वर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारं जिवाणू खत टाकलं की तिथेच कुजतं. ओल टिकते, तण दबतं, जमिनीत सेंद्रिय कर्ब वाढतो. अडचण असते ती पाचट बारीक करण्याची. ट्रॅक्टरला जोडायचं कुट्टी यंत्र लहान शेतकऱ्याला परवडत नाही. ते यंत्र कारखान्याने किंवा सोसायटीने भाड्याने वेळेवर बांधापर्यंत पोचवलं तर काडी ओढायची गरजच उरत नाही.

आम्ही शेजारच्या दोन शेतकऱ्यांकडे मुलांना घेऊन गेलो आणि एवढंच विनवलं की पेटवणारच असाल तर आदल्या दिवशी एक फोन करा. एकाने पुढच्या वर्षी पाचट ठेवलं. दुसरे काका अजून पेटवतात, पण फोन न चुकता येतो आणि त्या दिवशी आम्ही सराव दुसरीकडे नेतो.

८. कारखान्याच्या चिमणीची काजळी पडते. तिथे कुणाशी बोलायचं?

शेतकऱ्याशी बोलणं वेगळं आणि कारखान्याशी वेगळं. कारखान्याला परवाना आहे, चिमणीत राख पकडणारी यंत्रणा बसवणं बंधनकारक आहे. साखर आणि डिस्टिलरी हे उद्योग अतिप्रदूषणकारी १७ प्रकारांत मोडतात. त्यांच्या धुराची आणि सांडपाण्याची नोंद सतत ऑनलाइन प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जाणं अपेक्षित आहे.

एका हंगामात आमच्या ट्रॅकच्या पांढऱ्या रेषा आठवड्यात काळ्या झाल्या. मुलींनी हातरुमालावर काजळी पुसून तारीख-वेळेसह पाकिटात ठेवली, फोटो काढले. नुसतं ‘प्रदूषण होतं’ असं लिहिलेला अर्ज फाइलमध्ये जातो. ‘अमुक तारखेला रात्री अकरा ते पहाटे पाच, वारा पश्चिमेचा, सोबत फोटो’ असं लिहिलं की कोणालातरी येऊन पाहावं लागतं. अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सांगली उपप्रादेशिक कार्यालयाला द्या, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या आणि ‘आपले सरकार’ पोर्टलवरही टाका. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

९. आम्ही तालमीत आत असतो. पैलवानाला काय होतंय?

बंद तालमीतली हवा कधीकधी बाहेरच्यापेक्षा वाईट असते. हौदातली लाल माती कोरडी पडली की बारीक धूळ उठते, आणि पैलवान जमिनीलगत, तोंड मातीजवळ ठेवून श्वास घेत असतो. माती ताक, तेल, हळद घालून मऊ आणि ओलसर ठेवण्याची जुनी रीत धुळीसाठीही उपयोगी आहे. ती सोडू नका. अंघोळीच्या पाण्याचा बंब भिंतीला टेकून असेल आणि त्यात प्लास्टिक, टायरचे तुकडे, फर्निचरचं रंगीत लाकूड जात असेल, तर सगळा धूर खिडकीतून हौदावर येतो. बंब लांब हलवा. जोर-बैठकांच्या वेळी ऊद, अगरबत्ती आणि मच्छर कॉइल बंद. पूजा आटोपून झरोके उघडा, मग लंगोट चढवा.

१०. आमच्या आजोबांपासून सगळे कृष्णेत पोहायला शिकलो. आता मुलाला पाठवू का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त जड जातो, कारण मीही घाटावरच पोहायला शिकलो.

आंघोळीलायक पाण्यासाठी मानक असं आहे: विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ५ मिलिग्रॅम, बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजायला लागणारा प्राणवायू, ३ मिलिग्रॅमच्या आत, आणि मैल्यातले जिवाणू, म्हणजे फीकल कोलिफॉर्म, १०० मिलिलिटरला शक्यतो ५०० आणि कमाल २५००. पोहताना गिळलं जाणारं पाणी, डोळे, कान आणि अंगावरची जखम या वाटांनी रोग येतो. शहरातल्या शेरीनाल्याचं मैलापाणी नदीत मिसळतं, हे सांगलीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ते उचलून धुळगावकडे नेण्याच्या योजनेची चर्चा ऐकत एक पिढी मोठी झाली.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. पात्रात पाणी कमी असताना कारखान्यांचं मळीमिश्रित पाणी सुटलं की प्राणवायू संपतो आणि मासे तडफडून वर येतात. मासे तरंगताना दिसले, पाण्याला काळपट रंग किंवा आंबूस वास आला, तर त्या दिवसापासून पोहणं पूर्ण बंद.

एरवी जायचंच असेल तर नाल्याच्या वरच्या अंगाला जा, अंगावर जखम असताना जाऊ नका, पाणी तोंडात घेऊ नका आणि घरी येऊन साबणाने अंघोळ करा. मोठा पाऊस झाल्यावर दोन-तीन दिवस थांबा. पहिला पाऊस शहराचे सगळे रस्ते आणि गटारं धुऊन नदीत आणतो. पॅरिसला २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये नेमकं हेच झालं. पावसाने सीन नदीतले जिवाणू वाढले आणि पुरुषांची ट्रायथलॉन ३० जुलैवरून ३१ जुलैला ढकलावी लागली.

११. महापूर ओसरला की मैदानावर कधी उतरायचं?

२०१९ मध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि २०२१ मध्येही पुन्हा पूर आला. ओसरल्यावर मैदानावर जो गाळ राहतो त्यात मैला, मेलेली जनावरं, डिझेल, काचा सगळं असतं. गाळ पूर्ण निघून मैदान उन्हात खडखडीत वाळल्याशिवाय अनवाणी कबड्डी, खो-खो नाही. गाळ वाळून उडायला लागला तर पाणी मारा. होड्यांच्या शर्यतीचा सराव करणाऱ्यांनी लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची) भीती धरावी. पाण्यात उतरल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत कळा, डोळे लाल असं झालं तर ‘मी पुराच्या पाण्यात होतो’ हे डॉक्टरांना आधी सांगा.

१२. मग तरण तलाव सुरक्षित ना? तिथेही डोळे चुरचुरतात.

नदीपेक्षा खूपच. डोळे चुरचुरणं आणि तो उग्र वास बहुधा नुसत्या क्लोरिनचा नसतो. क्लोरिन घाम आणि लघवीशी मिसळून क्लोरामाइन बनतं, त्याचा तो वास. सगळ्यांनी आधी अंघोळ करून उतरणं आणि बंद तलावात हवा खेळती ठेवणं, हाच इलाज.

१३. सरांच्या यादीत आवाज का नाही? डॉल्बीने आमचा नेमबाजीचा सराव बंद पडतो.

आहे. निवासी भागात रात्री ४५ आणि दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकाला बंदी आहे. नेमबाज आणि तिरंदाजाचा श्वास अडखळतो तो आवाजानेही. शेजारच्या साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीची जागतिक विजेती झाली. अशी मुलगी घडायला शांत जागा लागते. झोप मोडलेल्या खेळाडूचा दुसऱ्या दिवशीचा सरावही वाया जातो. तक्रारीसाठी ११२ वर फोन करा.

१४. मुलाला दमा आहे. इनहेलर घेतलं तर डोपिंगमध्ये अडकेल का?

सालब्युटामॉलचं इनहेलर ठरलेल्या मात्रेत चालतं: २४ तासांत जास्तीत जास्त १६०० मायक्रोग्रॅम, आणि कुठल्याही आठ तासांत ६०० पेक्षा जास्त नाही. स्टेरॉइडचं इनहेलरही डॉक्टरांनी सांगितलेल्या नेहमीच्या मात्रेत चालतं.

घात होतो तो खोकल्याच्या औषधात. मेडिकलमधून सहज मिळणाऱ्या अनेक सिरपमध्ये टरब्युटालिन असतं आणि ते कुठल्याही रूपात प्रतिबंधित आहे. सालब्युटामॉल गोळी किंवा सिरपमधून घेतलं तरी प्रतिबंधित. स्पर्धेच्या काळात तोंडाने घ्यायचं स्टेरॉइडही तसंच. गरजच असेल तर वैद्यकीय कारणासाठीची पूर्वपरवानगी काढावी लागते. नाडाच्या (राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेच्या) ‘नो युवर मेडिसिन’ ॲपवर औषधाचं नाव तपासा आणि बाटलीवरचे घटक वाचा. धुराच्या हंगामात खोकला वाढतो, नेमक्या तेव्हाच स्पर्धाही असतात.

१५. महापालिका आणि सरकार नेमकं काय करू शकतं?

दोन शहरांकडे बघा. २००८ च्या ऑलिंपिकसाठी बीजिंगने कारखाने बंद ठेवले, गाड्या सम-विषम केल्या. आकाश काही आठवडे निळं झालं आणि नंतर धूर परत आला. पॅरिसने सुमारे १.४ अब्ज युरो सांडपाणी अडवण्यावर घातले, पावसाचं पाणी साठवायला जमिनीखाली ५० हजार घनमीटरचा हौद बांधला. १९२३ पासून बंदी असलेल्या सीन नदीत २०२५ च्या उन्हाळ्यात सामान्य लोक पोहायला उतरले. स्पर्धेपुरती स्वच्छता आणि मुळातली स्वच्छता यांतला फरक एवढा आहे. मला सांगलीसाठी दुसरी हवी आहे.

आपल्यासाठी पहिली मागणी शेरीनाल्याचा शेवटचा थेंबही प्रक्रियेशिवाय नदीत जाऊ नये ही. दुसरी, पाचट कुट्टी यंत्रं (प्रश्न ७). तिसरी स्वस्त आहे: क्रीडा संकुलाच्या फाटकावर हवेचं यंत्र आणि आकडा दाखवणारा फलक. घाटावर पाण्याच्या तपासणीचा ताजा निकाल तसाच लावता येईल. कचरा जाळण्याबाबत तर नवा नियमही नको. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५ हजार आणि मोठ्या प्रमाणात जाळणाऱ्याला २५ हजार रुपये दंड ठरवला आहे. फक्त पावती फाडणारा माणूस हवा. शुद्ध हवा कार्यक्रमातला पैसा सांगलीत कशावर खर्च झाला, हे माहितीच्या अधिकारात विचारा. हा प्रश्न पालकांनी विचारला तर जास्त वजन पडतं.

१६. आम्ही गावात मॅरेथॉन भरवतो. नियमावलीत काय लिहू?

हवा वाईट असेल तर स्पर्धा कोण, किती वाजता आणि कोणत्या आकड्याला पुढे ढकलणार, हे प्रवेश अर्जावरच छापा. आदल्या संध्याकाळी फी भरलेल्या हजार लोकांसमोर हा निर्णय घेता येत नाही. मार्ग मोठ्या रस्त्यापासून शे-दोनशे मीटर आत घ्या, तेवढ्यानेही गाड्यांचा धूर बराच कमी होतो. पुढच्या पायलट गाडीला डिझेल जीप नको. पाण्याच्या बाटल्यांऐवजी पिंप आणि पेले ठेवा. डोंगरावरची स्पर्धा असेल तर हे आणखी कडक पाळा, कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे.

१७. निवड चाचणीच्या दिवशी मैदानावर धूर होता, मुलीची वेळ अर्ध्या सेकंदाने हुकली. वेळेत सूट मिळते का?

मिळत नाही. २०० मीटरपर्यंतच्या शर्यतींत, लांब उडीत आणि तिहेरी उडीत पाठीमागचा वारा सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त असेल तर विक्रम धरत नाहीत, पण हवेच्या गुणवत्तेसाठी असा कोणताही हिशोब नियमात नाही. धावून झाल्यावर केलेला आक्षेप टिकत नाही. म्हणून शर्यत सुटण्याआधी बोला. मैदानावर धूर दिसला की प्रशिक्षकाने मुख्य पंचांना लेखी अर्ज द्यावा: वेळ, फोटो, ॲपचा आकडा आणि ‘चाचणी दोन तास पुढे घ्यावी’ एवढी एकच विनंती. एकट्याने देऊ नका, चार-पाच प्रशिक्षकांच्या सह्या घ्या. गेल्या हिवाळ्यात आम्ही असं केलं. पंचांनी आधी नाही म्हटलं, मग स्वतः ट्रॅकवर एक फेरी चालून आले आणि चाचणी साडेआठला घेतली.